कोणता कर्नल, हे कुणी ठरवायचं?



आजचा विषय वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने संगणकाच्या इन्स्टॉलरवर कशाला बोलावं? कारण सांगतो. या मालेत मागे आपण प्रमाणांबद्दल बोललो होतो. एखादी गोष्ट खरी आहे हे आपल्याला कशावरून कळतं? प्रत्यक्ष बघून, अनुमान करून, की कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवून? या जुन्याच प्रश्नाचं एक अलीकडचं, गेल्या तीसेक वर्षांतलं उदाहरण आज घेऊ. यात जाणून घेणारा माणूस नाही, एक छोटा प्रोग्राम आहे. आणि चुकलं, तर पडदा काळा होतो.

आधी एक प्रसंग. दहा-बारा वर्षं झाली असतील. तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाला कुणीतरी जुना लॅपटॉप भेट दिला. मुलांना मराठी टायपिंग शिकता यावं, एवढीच अपेक्षा. ग्रंथपालबाईंनी आम्हाला बोलावलं. आम्ही एका प्रसिद्ध लिनक्स वितरणाची सीडी घेऊन गेलो. नाव घेत नाही, त्याची गरजही नाही. सीडी घातली आणि पडद्यावर दोन ओळी आल्या. अर्थ असा, की या प्रोसेसरकडे ‘पीएई’ नावाची सोय नाही, म्हणून पुढे जाता येत नाही. बस्स. बाईंनी विचारलं, “सर, मेला का हा?” आम्ही म्हटलं, “मेला नाही हो. त्याला दारातून आत घेत नाहीयेत.”

तेव्हा हे विनोदाने बोललो. नंतर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. दारावर कोण उभं असतं? आत कुणाला घ्यायचं, हे तो कशावरून ठरवतो? आजचं व्याख्यान त्या दारवानाचा इतिहास आहे असं समजा.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. मेमरी वाटून देणं, डिस्क वाचणं, कुठल्या प्रोग्रामला प्रोसेसर किती वेळ द्यायचा हे ठरवणं, ही कामं तो करतो. तो प्रोसेसरच्या भाषेत, म्हणजे त्याला समजणाऱ्या सूचनांत भाषांतरित करून ठेवलेला असतो. प्रोसेसरची प्रत्येक पिढी थोड्या नव्या सूचना शिकते. नव्या सूचना वापरून बांधलेला कर्नल जुन्या प्रोसेसरवर चढवला, की तो अनोळखी सूचनेशी येऊन अडतो. जुन्या सूचनांपुरता बांधलेला कर्नल नव्या यंत्रावर चालतो, पण यंत्राची सगळी ताकद वापरत नाही. या दोन वाक्यांत पुढची सगळी कथा आहे. ती लक्षात ठेवा.

आता इतिहासाकडे वळू. इंटेलचा ३८६ प्रोसेसर १९८५ चा. १९९१ मध्ये हेलसिंकीत लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स लिहायला घेतलं, ते ३८६ च्या यंत्रावर आणि त्याच्यासाठी. गंमत बघा, तेव्हा ‘कोणता कर्नल?’ हा प्रश्नच नव्हता. ज्याने लिहिला, त्यानेच आपल्या यंत्रावर बांधला. यंत्र कुठलं आहे ते त्याला माहीत होतं, कारण ते त्याच्या टेबलावरच होतं.

बांधणारा एक आणि वापरणारा दुसरा झाला, तेव्हा प्रश्न आला. शिंप्याकडे माप देऊन शिवलेला सदरा आणि दुकानातला तयार सदरा, यांत जो फरक तोच इथे. तयार सदऱ्यावर नंबर लागतो. ऑगस्ट १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी डेबियन प्रकल्प जाहीर केला. अशा वितरणांनी तयार बांधलेली पॅकेजेस देण्याचा मार्ग धरला आणि कर्नलवरही नंबर आले.

तोवर प्रोसेसरांचा गोतावळा वाढत चालला होता. १९८९ मध्ये ४८६. १९९३ मध्ये पेंटियम, म्हणजे हिशेबाने ५८६. १९९५ मध्ये पेंटियम प्रो, म्हणजे ६८६. तिकडे एएमडीचा के-६ १९९७ चा आणि के-७, म्हणजे अ‍ॅथलॉन, १९९९ चा. डेबियनमध्ये २.४ मालिकेचा एकच कर्नल ३८६, ५८६-टीएससी, ६८६, के-६, के-७ अशा अनेक वाणांत मिळू लागला. शिवाय एकाहून जास्त प्रोसेसर असलेल्या यंत्रांसाठी काहींचे ‘एसएमपी’ प्रकार वेगळे.

यातलं कुठलं घ्यायचं हे ठरवणार कोण? सुरुवातीला सोपं उत्तर होतं: बसवणाऱ्यालाच विचारा. जुलै २००२ मध्ये आलेली डेबियनची ‘वूडी’ आवृत्ती घ्या. तिचा इन्स्टॉलर ‘बूट-फ्लॉपीज’ नावाचा होता. सुरुवातीलाच व्हॅनिला, कॉम्पॅक्ट, आयडीई-पीसीआय, बीएफ-२४ अशी नावं समोर यायची. हे वाण प्रोसेसरपेक्षा डिस्क आणि कार्डं कुठली आहेत यावर बेतलेले होते, पण अडचण तीच. चुकीचा वाण निवडला, तर हार्ड डिस्क किंवा नेटवर्क कार्ड दिसायचंच नाही. प्रोसेसरला साजेसा कर्नल हवा असेल, तर तो मागाहून आपला आपण शोधून घालायचा.

विचारणं हा वरवर सौजन्याचा मार्ग वाटतो. पण ज्याला उत्तर देणं शक्यच नाही त्याला प्रश्न विचारणं, हे सौजन्य आहे का? दवाखान्यात डॉक्टरने रोग्यालाच विचारावं, की तुम्हाला कुठला जीवाणू झालाय, तशातली गत. असा प्रश्न विचारून आपण त्या माणसाला स्वातंत्र्य देत नाही. चुकीची जबाबदारी मात्र त्याच्या गळ्यात घालतो.

म्हणून ६ जून २००५ ला आलेली ‘सार्ज’ आवृत्ती आम्हाला महत्त्वाची वाटते. त्या वेळी डेबियनने इन्स्टॉलर नव्याने लिहून आणला. त्यात ‘बेस-इन्स्टॉलर’ नावाचा एक भाग आहे. कर्नल निवडण्याचं काम त्याचं. ते कसं चालतं, हे थोडं सावकाश बघू.

पहिली पायरी. इन्स्टॉलर स्वतः सर्वांत जुन्या, सर्वांत समजूतदार वाणाच्या कर्नलवर उभा राहतो. तेव्हा त्या वाणाचं नाव ३८६ होतं, नंतर ४८६ झालं. घराची ओळख नसताना आपण अंगणातूनच हाक मारतो ना, तसं. आधी कुठेही चालेल असं पाऊल टाकायचं आणि मग आजूबाजूला बघायचं.

दुसरी पायरी. तो प्रोसेसरची माहिती असलेली फाइल वाचतो. लिनक्समध्ये ती ‘प्रॉक’ या फोल्डरात ‘सीपीयू-इन्फो’ नावाने दिसते. बनवणारा कोण, कुटुंब कितवं, मॉडेल कितवं आणि कोणकोणत्या सोयी आहेत, हे तिच्यात असतं. यावरून इन्स्टॉलर यंत्राचा वाण ठरवतो.

तिसरी पायरी. त्या वाणाला चालतील अशा कर्नल पॅकेजांची यादी तो पसंतीच्या क्रमाने लावतो. सर्वांत योग्य ते वर, जुनं पण चालणारं खाली. चौथी पायरी म्हणजे हातातल्या सीडीवर किंवा सर्व्हरवर खरोखर काय उपलब्ध आहे ते बघायचं आणि यादीतलं वरून पहिलं सापडेल ते घ्यायचं. लग्नाच्या पंगतीत वाढपी जसा ‘जिलबी संपलीय, बुंदी वाढू का?’ म्हणतो, तसं हे आहे. फक्त इथे तो न विचारताच वाढतो.

अजिबातच विचारत नाही का? तसंही नाही. या इन्स्टॉलरमध्ये प्रत्येक प्रश्नाला महत्त्वाची पायरी दिलेली असते. नेहमीच्या पद्धतीने बसवलं, तर फक्त वरच्या पायरीचे प्रश्न समोर येतात. ‘एक्स्पर्ट’ पद्धत निवडली, तर कर्नलचाही प्रश्न येतो, तोही आधीच सुचवलेल्या उत्तरासह. म्हणजे ज्याला कळतं त्याच्यासाठी दार उघडं, ज्याला कळत नाही त्याला त्रास नाही. आम्हाला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते.

इथे तत्त्वज्ञानाचा प्रश्न उभा राहतो. सीपीयू-इन्फोतली माहिती येते कुठून? ती बहुतांशी प्रोसेसर स्वतःच सांगतो. १९९३ च्या पेंटियमपासून ‘सीपीयू-आयडी’ नावाची एक सूचना रुळली. ती दिली की प्रोसेसर आपलं नाव सांगतो. बनवणाऱ्याचं नाव बरोबर बारा अक्षरांचं, कारण चार-चार अक्षरं मावणाऱ्या तीन जागांत ते ठेवलं जातं. इंटेलची चिप म्हणते ‘जेन्युइन-इंटेल’, एएमडीची म्हणते ‘ऑथेंटिक-एएमडी’. दोघीही आपण अस्सल असल्याची ग्वाही स्वतःच देतात, हे आपल्यासारख्यांना जरा मजेशीरच वाटणार!

म्हणजे हे शब्दप्रमाण झालं. आपल्याकडच्या नैयायिकांनी सांगून ठेवलंय की शब्द प्रमाण ठरतो तो आप्ताचा, म्हणजे ज्याला ठाऊक आहे आणि जो ते जसंच्या तसं सांगतो त्याचा. आपल्याबद्दल सर्वांत जास्त प्रोसेसरलाच ठाऊक असणार, मग त्याच्यापेक्षा मोठा आप्त कोण? इन्स्टॉलर लिहिणाऱ्यांनाही सुरुवातीला तसंच वाटलं असावं. पण दोन प्रकरणांनी धडा शिकवला. दोन्ही एकमेकांच्या बरोबर उलट आहेत.

पहिलं प्रकरण ‘व्हिया सी-३’ चं. हा प्रोसेसर २००१ च्या सुमाराचा. कमी विजेवर चालणारा, छोट्या यंत्रांत आवडीने बसवला जाणारा. विचारलं तर तो सांगायचा, माझं कुटुंब सहावं. सहावं कुटुंब म्हणजे ६८६. पण त्याच्या सुरुवातीच्या मॉडेलांत पेंटियम प्रोने आणलेली ‘सीमूव्ह’ ही सूचना नव्हतीच. बरं, तो खोटं बोलत होता का? तेही म्हणता येत नाही. ती सूचना ऐच्छिक धरलेली होती आणि ती आहे की नाही हे प्रोसेसर वेगळं सांगायचा. घोळ केला तो ऐकणाऱ्यांनी. जीसीसी या कंपायलरने धरून चाललं, की ६८६ म्हणजे सीमूव्ह असणारच. नाव एकच, पण सांगणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्याच्या मनातला अर्थ वेगवेगळा. मग इन्स्टॉलरच्या त्या छोट्याशा फाइलीत या चिपांसाठी वेगळी फांदी काढावी लागली: कुटुंब सहावं म्हणाली तरी मॉडेल बघा आणि मगच ६८६ द्या.

दुसरं प्रकरण ‘पेंटियम एम’ चं. हा २००३ पासूनच्या लॅपटॉपांतला प्रोसेसर. इथे पीएई म्हणजे काय ते सांगायला हवं. ३२ बिटांच्या पत्त्याने ४ जीबीपर्यंतच मेमरी गाठता येते. पेंटियम प्रोपासून ३६ बिटांच्या पत्त्याची सोय आली, तिने ६४ जीबीपर्यंत जाता येतं. ती सोय म्हणजे पीएई. पेंटियम एमच्या सुरुवातीच्या चिपांना हे काम येत होतं, पण आपल्या सोयींच्या यादीत त्या तसं सांगत नव्हत्या. वितरणं पीएईशिवायचे कर्नल बंद करू लागली, तेव्हा हे लॅपटॉप दाराबाहेर राहिले. काम येत असूनही! शेवटी २०१४ मध्ये कर्नलच्या ३.१५ आवृत्तीत ‘फोर्स-पीएई’ असा पर्याय आला. माणसाने तो लिहिला, की कर्नल प्रोसेसरचं म्हणणं बाजूला ठेवतो आणि पीएई वापरतो. मात्र आपण नियमाबाहेरच्या प्रोसेसरवर चालतो आहोत, अशी खूण स्वतःवर करून ठेवतो.

एकाचं नाव मोठं पण एक काम येत नाही, दुसऱ्याला काम येतं पण तो सांगत नाही. माणसांत असे दोन्ही नमुने आपल्याला भेटतात, नाही का? नोकरीच्या मुलाखतीला बसलेल्या कुणालाही विचारा.

मग ज्ञान खरं ठरवायचं कशावर? वात्स्यायनाच्या न्यायभाष्यात एक कल्पना आहे, प्रवृत्तिसामर्थ्याची. पाणी दिसलं, जवळ गेलो, तहान भागली, म्हणजे ते ज्ञान खरं. कृती फळली यावरून ज्ञान पारखायचं. धर्मकीर्तीने वेगळ्या मार्गाने जाऊन म्हटलं, की जे काम करून दाखवतं तेच परमार्थाने सत्. इन्स्टॉलरचा इतिहास याच दिशेने सरकलेला दिसतो. सुरुवातीला भर कुटुंबाच्या आकड्यावर होता. पुढे एकेका सोयीच्या खुणेवर आला. पीएई आहे का? ६४ बिटांचं काम येतं का? मेमरीतला काही भाग ‘यातलं काही चालवू नका’ असा राखून ठेवता येतो का? म्हणजे ‘तू कोण?’ हा प्रश्न हळूहळू मागे पडला आणि ‘तुला काय येतं?’ हा पुढे आला.

आणखी एक शहाणपण इथे सापडतं. निवडीत दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. वरचा कर्नल दिला, तर यंत्र सुरूच होत नाही. खालचा दिला, तर यंत्र चालतं, पण थोडं हळू, किंवा ४ जीबीच्या वरची मेमरी पडून राहते. दोन्ही चुकाच, पण सारख्या नाहीत. एकीत माणूस बाहेर राहतो, दुसरीत आत येऊन थोडी गैरसोय सोसतो. म्हणून ओळख पटत नसेल, तर खालचा वाण द्यायचा. अनिश्चिततेत निर्णय कसा घ्यावा यावर आमच्या विषयात भरपूर लिहिलं गेलंय. इथे ते चार ओळींच्या प्रोग्रामात आहे.

आता कथेचा उत्तरार्ध, आणि आमच्या मते खरा प्रश्न इथेच आहे.

हे सगळे वाण हळूहळू कमी होत गेले. २००७ च्या ‘एच’ आवृत्तीत एसएमपीचे वेगळे कर्नल मिटले, कारण प्रोसेसर एक आहे की अनेक हे सुरू होतानाच बघून कर्नल स्वतःत बदल करायला शिकला. २००९ च्या ‘लेनी’त के-७ चा वेगळा वाण राहिला नाही, ६८६ त्यालाही पुरला. याच लेनीत, आपल्याला आवर्जून सांगायला हवं, इन्स्टॉलरच्या भाषांत मराठी आली. साध्या अक्षरी पडद्यावर देवनागरी नीट उमटत नाही. चित्ररूप इन्स्टॉलर एचपासून आला होता, त्यामुळे हे जमलं. बघा, इन्स्टॉलरचा पहिला प्रश्न ‘तुमची भाषा कोणती?’ हा असतो. याचं उत्तर फक्त माणूसच देऊ शकतो, म्हणून माणसाला विचारतात. कर्नल कोणता, हे यंत्रावरून कळतं, म्हणून यंत्राला विचारतात. ज्याचं उत्तर ज्याच्याकडे, प्रश्न त्याला.

पण वाण कमी होण्याचं दुसरंही कारण होतं. फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या ३.८ कर्नलमधून ३८६ चा आधार काढून टाकला. ज्या प्रोसेसरवर लिनक्स जन्मलं, त्याच्यावरच ते चालेनासं झालं. डेबियनमध्ये २०१३ च्या ‘व्हीझी’त ४८६ होता, २०१५ च्या ‘जेसी’त किमान ५८६ लागू लागला, २०१७ च्या ‘स्ट्रेच’मध्ये ६८६. आणि ९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या ‘ट्रिक्सी’त ३२ बिटांच्या पीसीसाठी ना कर्नल राहिला, ना इन्स्टॉलर.

म्हणजे ‘कोणता कर्नल?’ हा प्रश्न दोन रीतींनी संपला. एक, कर्नलच इतका समजूतदार झाला की निवडायची गरज उरली नाही. दुसरी, ज्यांच्यामुळे प्रश्न पडत होता ती यंत्रंच यादीतून गेली. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. प्रश्न विचारला जात नाही, सगळं सुरळीत. पण पहिल्या रीतीत प्रश्न सुटला, दुसऱ्या रीतीत प्रश्न विचारणारा गेला. समाजातही हे होतं. एखाद्या कार्यालयात तक्रारी येईनाशा झाल्या म्हणजे तक्रारी मिटल्या, की तक्रार करणारे यायचे थांबले?

आम्ही कुणाला दोष देत नाही, हे स्पष्ट सांगतो. जुना वाण जिवंत ठेवायचा, तर कुणीतरी तो बांधायला, तपासायला लागतो. हे लोक बहुतेक स्वयंसेवक, आणि तपासायला जुनी यंत्रंही मिळेनाशी झालेली. निर्णय योग्यही असेल. आमचं म्हणणं एवढंच, की ज्याला आपण ‘सुटलेला’ म्हणतो तो प्रश्न कुठल्या रीतीने सुटला, हे नोंदवून ठेवावं.

आणि तो पुरता सुटलेलाही नाही. ६४ बिटांच्या प्रोसेसरांतही आता पातळ्या आखल्या आहेत. २०२२ ची रेड हॅटची ९ वी आवृत्ती दुसरी पातळी मागते, २०२५ ची १० वी आवृत्ती तिसरी. म्हणजे दारवान पुन्हा दारात उभा आहे. जुनाच प्रश्न, नवे आकडे.

वाचनालयाची गोष्ट अर्धी राहिली. दुसऱ्या शनिवारी आम्ही डेबियन व्हीझीची सीडी घेऊन गेलो. इन्स्टॉलरने काही विचारलं नाही. प्रोसेसर पीएई नाही म्हणतोय हे बघितलं आणि मुकाट्याने ४८६ चा कर्नल बसवला. मेमरी होती अवघी ५१२ एमबी, तिला पीएईची गरजही नव्हती. बाईंनी पडद्यावर मराठीत पहिली ओळ टाइप केली, ती वाचनालयाच्या नावाची. पुढे तीन-चार वर्षं मुलं त्या लॅपटॉपवर टायपिंग शिकली.

आज तसाच लॅपटॉप कुणी दिला, तर नव्या आवृत्तीत त्याच्यासाठी जागा नाही. म्हणून जाता जाता एक विनंती. घरातलं, शाळेतलं जुनं यंत्र भंगारात द्यायच्या आधी, ते ‘कोण आहे’ एवढंच बघू नका. त्याला अजून काय येतं, तेही एकदा विचारा.